खाडा भरून देणारा खेळ

बॅटली, इंग्लंड, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

परवा फोनवर म्हणालास, "क्रिकेट सोडून हे कुठलं नवीन खूळ?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

हे तेरा जणांचं रग्बी, म्हणजे रग्बी लीग. आमच्या गावचा क्लब १८८० सालचा, आणि मैदान माउंट प्लेझंट. मैदान सपाट नाही, चांगलं उतरतं आहे! खालच्या कोपऱ्याला इथले लोक 'नाइन होल' म्हणतात. पाहुण्या संघाला तिकडे रेटत नेऊन कोंडायचं, हा घरच्यांचा जुना डाव. काल मी तिथेच कठड्याला टेकून उभा होतो. चिखलाने माखलेला एक गडी माझ्यापासून चार हातांवर आपटला, उठला, दातातलं रबर नीट बसवलं आणि पुन्हा चढावाला लागला. सोमवारी सकाळी तो कामावर जाणार. इथे बहुतेकांचं तसंच. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव.

या खेळाचा जन्मच खाड्यातून झालाय. तुला आठवतं, बाबा कबड्डीच्या सामन्याला गेले की आई कॅलेंडरवर फुली मारायची? पगारातून तेवढे कापले जायचे. इथल्या गिरणी आणि खाण कामगारांचं तेच दुखणं. शनिवारीही काम असायचं, खेळायला गेलं की मजुरी बुडाली. रग्बीचे वरचे कारभारी भरपाई देऊ देईनात. भरल्या पोटी नियम करणं सोपं असतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्या पहिल्या २२ क्लबांत बॅटली होतं. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त ६ शिलिंग. १८९८मध्ये खेळण्याचे पैसे देणं उघडपणे मान्य झालं, पण खेळाडूला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे, ही अट घालून.

हे गाव चिंध्यांवर वाढलं. जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढायचं, ही युक्ती बेंजामिन लॉने इथेच १८१३च्या सुमारास काढली. पुढे याच गिरण्यांत भरूच-सुरतकडची माणसं आली. मैदानाच्या आसपासच्या गल्ल्यांत आज गुजराती कानावर पडतं, तेव्हा मला क्षणभर आपलीच गल्ली वाटते.

आणि या एवढ्याशा गावाने १८९७ची पहिलीवहिली चॅलेंज कप स्पर्धा जिंकली! अंतिम सामन्यात सेंट हेलन्सला १०-३ हरवलं. मग १८९८ला, मग १९०१ला पुन्हा. १९२४ला लीगचं अजिंक्यपद. १९२५ला लीड्सविरुद्धचा कपचा सामना बघायला याच उतारावर २३,९८९ माणसं दाटली होती. काल जिथे मी हातपाय पसरून उभा होतो, तिथे तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसेल.

१९२९पासून कपचे अंतिम सामने वेम्बलीला जायला लागले, आणि बॅटलीला तिथे पाऊल टाकायला २०२३ उजाडलं. तेही चॅलेंज कपसाठी नाही, '१८९५ कप' नावाच्या वेगळ्या स्पर्धेसाठी. ज्या सालच्या भांडणातून हा खेळ जन्मला, त्याच सालाचं नाव असलेला कप! हॅलिफॅक्सकडून १२-१० हरले. दोन गुणांनी रे. माझ्या शेजारचे आजोबा अजून तो सामना सांगताना मध्येच थांबतात, चहाचा कप कठड्यावर ठेवतात आणि मैदानाकडे बघत राहतात.

जानेवारीत येतोयस ना? जाड मोजे आण. तुला थेट त्या खालच्या कोपऱ्यात उभा करणार आहे. आणि येताना बाबांचा तो कबड्डी संघाचा फोटो, तुझ्याकडे राहिलेला, तेवढा घेऊन ये. आजोबांना दाखवायचाय.

तुझा,
विज्या