तिच्या सहीची जागा

विटा, जि. सांगली
२२ जून

प्रिय शालू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शाळा नुकतीच उघडली आहे, नवे प्रवेश, पुस्तकवाटप, त्यात पावसानं वर्गखोलीचं छत गळायला लागलं. पण उशिराचं खरं कारण ते नाही. तू लिहिलंस ते वाचून मला लगेच उत्तर देता येईना. मोबाइलवर चार ओळी टाइप करून भागण्यातलं नव्हतं, म्हणून आज रविवारी कागद घेऊन बसले आहे.

लेकीच्या शाळेतून एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरच्या लशीचा फॉर्म आला आणि त्यासोबतच तुला कळलं की तिकडे इंग्लंडात पालकांचा फॉर्म परत आलाच नाही, तर शाळेत येणारी नर्स मुलीशी स्वतः बोलू शकते, आणि मुलीला सगळं नीट समजलंय असं तिला वाटलं तर मुलीच्या होकारावर लस देऊ शकते. त्यावर तू लिहिलंस, "नऊ महिने पोटात मी वाढवलं, आणि सही तिची चालते?" तुझा राग मला समजतो गं. पण पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. नाव लिहीत नाही.

तुला आमच्याकडचे गलाईवाले माहीत आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात जा, आपल्याकडचं कुणीतरी भेटतंच. पोरं लहान असतात तोवर आईबापाबरोबर राहतात, मग शिक्षणासाठी गावाकडे आजीजवळ येतात. माझ्या वर्गात एकेचाळीस मुलं आहेत, त्यातल्या नऊ जणांचे आईवडील परमुलखात. ही मुलगी त्यातलीच. वडिलांचं दुकान तमिळनाडूत, आईही तिकडेच, आणि घरी आजी.

तिची आत्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली. अंगावरून जात होतं ते बाईनं वर्षभर कुणाला सांगितलं नाही. मग माहेरी आली. मिरजेला रेडिएशनचा शेक घ्यायला न्यायचं, तर घरात नेणारं कोण? ही. आठवीतली पोर सुट्टीच्या दिवशी एसटीनं आत्याला घेऊन जायची, डबा, पाण्याची बाटली, रिपोर्टांची पिशवी सगळं सांभाळायची. तिथल्याच एका डॉक्टरांना तिनं विचारलं की हे कशानं होतं. त्यांनीही टाळलं नाही, विषाणूनं होतं असं सांगितलं, आणि लहानपणीच लस घेतली तर बराचसा टळतो हेही सांगितलं. आत्या गेली. त्यानंतर काही महिन्यांनी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, ती सुई आपल्या शाळेत येणार हाय म्हणं, खरं हाय का?"

खरं होतं. एका मंडळानं मुलींसाठी मोफत शिबिर ठरवलं होतं. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जणी त्यातून वाचत नाहीत. विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार साधारण सत्तर टक्के आजाराला कारण आहेत, आणि लस नेमकी त्यांच्यावर आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ च्या सुरुवातीला आपली लस बाजारात आणली, तेव्हापासून अशी शिबिरं आमच्यापर्यंतही पोचू लागली. हे आकडे मी पालकसभेत सांगितले. पण सभेला आल्या त्या आज्या.

फॉर्मवर वडिलांच्या सहीची ओळ होती, आईच्या सहीची होती, मुख्याध्यापकांच्या शिक्क्याला चौकोन होता. तिच्या सहीला कुठेच जागा नव्हती.

वडिलांना मी फोन केला. शालू, इथे मी कमी पडले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि लस त्याआधीच घ्यायची असते, म्हणूनच नऊ ते चौदा हे वय, हे एका बापाला फोनवर कसं सांगायचं? मी "कॅन्सरची सुई" एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "आत्ताच कशाला तिला? बघू, यात्रेला आल्यावर बोलू." आईनं "त्यांनाच विचारा" म्हणून फोन ठेवला. आजी मात्र शिबिराच्या दिवशी काठी टेकत शाळेत आली. "माझा अंगठा कुठं लावू सांगा," म्हणाली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. कायद्यानं पालक आईबाप, आजी नव्हे. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. उद्या काही झालं तर त्यांनाच कुणी विचारलं असतं.

माझ्या हातात पेन होतं. वडिलांची सही मला माहीत होती, प्रगतिपुस्तकावर चार वर्षं बघितलेली. क्षणभर वाटलं, करून टाकावी. केली नाही, आणि का नाही तेही सांगते. २००९ मध्ये एचपीव्हीच्याच लशीचा एक अभ्यास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला झाला होता. खम्मममध्ये कितीतरी मुली आदिवासी वसतिगृहांतल्या. त्यांच्या आईबापांच्या ऐवजी फॉर्मवर सह्या केल्या वसतिगृहाच्या वॉर्डननी, एकदोन नव्हे, हजारो फॉर्मांवर. पुढे सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. ते मृत्यू लशीमुळे झाले नव्हते, असं चौकशीत निघालं. पण सह्यांचं काय, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. २०१० मध्ये ते काम थांबवलं गेलं, आणि संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. लशीवरचा लोकांचा विश्वास त्या सह्यांनी जितका घालवला तितका कुठल्या अफवेनंही घालवला नसेल. मी त्या वॉर्डनच्या रांगेत उभी राहणार नव्हते.

आणि बघ, त्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट तेव्हा मागेच राहिली. वॉर्डननं सही केली की बापानं करायला हवी होती, यावर वाद झाला. ज्या मुलीच्या दंडात सुई जाणार, तिला कुणी काही समजावून विचारलं होतं का, हा प्रश्न तेवढ्या जोरानं कुणी विचारला नाही.

शिबिर संपता संपता ती दाराशी आली. फॉर्म पुढे केला. वडिलांची ओळ कोरी, आईची कोरी, आणि समासात, जिथे आम्ही त्यांना काही लिहू देत नाही तिथे, तिची स्वतःची सही. डॉक्टरांनी कागद घडी घालून परत दिला. ती रडली नाही. दप्तर उचलून घरी गेली.

वडील चैत्रात यात्रेला आले तेव्हा मला भेटायला शाळेत आले. ओशाळलेले होते. "बाई, मी नको कुठं म्हणलो होतो?" त्यांचं खरंच होतं. त्यांनी नको म्हटलंच नव्हतं. पण तोवर तिला पंधरावं पूर्ण झालं होतं. चौदापर्यंत या लशीचे दोन डोस ठरलेले, पंधरापासून तीन. तिला सांगलीला नेऊन त्यांनी स्वतःच्या पैशानं पहिला डोस दिला, पुढचे दोन आजीनं एसटीनं नेऊन. म्हणजे शेवट बरा झाला. पण बाकीच्या आठ जणांचे वडील त्या यात्रेला आले नाहीत.

तू ओहायोतल्या त्या मुलाचं उदाहरण दिलं होतंस, आईचा लशींना विरोध म्हणून अठरा वर्षं पुरी होईपर्यंत थांबला, मग स्वतः जाऊन लशी घेतल्या, आणि मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे बोलला. तुझ्या मनात चित्र तेच आहे: घरात आई एक म्हणते, पोर दुसरं. तसं आपल्याकडे होत नाही असं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा मुलांना मूल होणार नाही अशा गोष्टी इथल्याही मोबाइलवर फिरल्या, आणि सुशिक्षित घरांनीही पोरं दोन दिवस शाळेत पाठवली नाहीत. पण माझ्यापुढे रोज येतो तो नकार नसतो. कोरी ओळ येते. बाप लांब असतो, आई बापाकडे बोट दाखवते, आजीचा अंगठा चालत नाही. आणि कोऱ्या ओळीला आपण सगळे मिळून "नाही" असं वाचतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की चौदा-पंधरा वर्षांची समजती मुलगी स्पष्ट "हो" म्हणत असेल आणि घरून फक्त गप्पपणा आला असेल, तर तिचा "हो" त्या गप्पपणापेक्षा जड मानावा.

आपला कायदा इथे अर्धवट आहे. गावातल्या एका वकिलांना विचारलं. सज्ञान व्हायचं वय अठरा. फौजदारी कायद्यात मात्र बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच धरत नाहीत. पूर्वी ते दंड संहितेच्या कलम ९० मध्ये होतं, आता न्याय संहितेच्या २८ मध्ये आहे. बारा ते अठरा या मधल्या मुलांचं लशीच्या बाबतीत काय, हे कुठे सरळ लिहिलेलं नाही, म्हणून डॉक्टर अठराचीच रेघ धरतात. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गोवर-रुबेलाच्या मोहिमेबाबत सांगितलं की पालकांची संमती घेतल्याशिवाय शाळांत लस देता येणार नाही. तो निकाल मला योग्यच वाटतो. तिथे प्रश्न अगदी लहान मुलांचाही होता, आणि सरकारनं पालकांना न विचारता सुई टोचावी असं मला कधीच वाटणार नाही.

तुझ्या इंग्लंडातला नियम ज्या खटल्यावरून आला, तो मी शोधून वाचला. व्हिक्टोरिया गिलिक नावाच्या एका आईनंच तो लढवला होता, आणि तोही गर्भनिरोधकांवरून. सोळा वर्षांखालच्या माझ्या मुलींना माझ्या परवानगीवाचून डॉक्टरांनी काही देऊ नये, असं तिचं म्हणणं. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती हरली. मूल पुरेसं समजू लागलं की आईबापाचा तो हक्क मागे सरतो, असं तिथे ठरलं. पाच न्यायाधीशांतले दोघे तिच्या बाजूचे होते, हे विसरू नकोस. तुझा राग काही वेडा नाही. आणि त्या आईची भीती आणि माझ्या वर्गातल्या बापाचं "आत्ताच कशाला तिला" यांचं मूळ एकच आहे. लस म्हटलं की आपल्याला आजार दिसायला हवा, पण या लशीत आपल्याला मुलीचं मोठं होणं दिसतं, आणि तिथे आपण फोन ठेवतो.

तुझं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करते. शाळेत घेतलेला होकार खरा कशावरून? बाईंनी "कोण कोण घेणार?" म्हटलं की एकेचाळीस हात वर होतात. आमच्यापुढे "नाही" म्हणायची सवयच आम्ही त्यांना लावलेली नाही. म्हणून विचारणारी मी नसावी. नर्सताई असाव्यात, आदल्या दिवशी, एकेकीला वेगळं बसवून. तिला काय कळलं ते तिच्या शब्दांत सांगायला लावावं. आणि जिला नको, तिच्या "नको"चं कारण ऐकावं, तिला धरून सुई देऊ नये.

तुला आपली पाचवी आठवते? गावभागातली शाळा, धनुर्वाताची सुई आली तो दिवस. दार आतून लावलेलं. तू खिडकीतून उडी टाकलीस आणि शिपायानं तुला पार कट्ट्यापासून ओढत आणलं. दोघांनी धरलं होतं तुला. मी रांगेत मागे उभी होते, माझ्या हातात तुझं सुटलेलं रिबन होतं. तेव्हा कुणी आपल्या आईवडिलांना विचारलं नव्हतं, आणि आपल्याला तर नव्हतंच. सुई चांगलीच होती. पण तू त्यानंतर दोन वर्षं दवाखान्याच्या रस्त्यानं जायची नाहीस, बाजारातून वळसा घालून घरी यायचीस. आता आईबापाला विचारतात, तेवढी एक पायरी आपण चढलो. तुझ्या लेकीला नर्स शेजारी बसवून विचारू तरी शकते, "तुला काय वाटतं?" म्हणून. तुला तसं कुणी विचारलं असतं तर?

तू तर सही करणारच आहेस, तुझ्या पत्रावरून कळतंच ते. करच. पण आधी तिला तो फॉर्म वाचू दे, आणि तिचे प्रश्न असतील ते असू देत. लाजू नकोस, माझ्यासारखी फोनवर अडखळू नकोस.

आणि एक काम कर. त्या फॉर्मचा फोटो काढून पाठव, दोन्ही बाजूंचा. मुलीशी काय बोलायचं याचं नर्सकडे काही छापील असेल तर तेही माग. पुढच्या चैत्रातल्या यात्रेनंतर पुन्हा शिबिर घ्यायचं चाललंय. मी मुख्याध्यापकांना म्हटलं आहे की या वेळी फॉर्म आपण छापून घेऊ, आणि तो यात्रेच्या वेळीच वडिलांच्या हातात देऊ, ते गावात असतात तेव्हा. कायद्यानं लागते ती त्यांची सही राहीलच. पण तिच्याखाली मला एक ओळ हवी आहे विद्यार्थिनीसाठी, आणि त्या ओळीवर काय शब्द घालावेत ते मला अजून सुचत नाहीत.

तुमच्याकडच्या आजींच्या पायाचं ऑपरेशन नीट झालं का ते कळव. लेकीला माझा आशीर्वाद.

तुझीच,
कुंदा