ती ओळ मी खोडत नाही, मंगे

नाशिक, १४ मे

प्रिय मंगे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धड आहेत. माझं बीपी गोळीवर, ह्यांची पाठ तशीच. तब्येतीचा विषय संपला. फोनच करणार होते, पण धडगावला निम्मं बोलणं रेंज खाते आणि उरलेलं तू. हे मला सलग सांगायचंय.

परवा नर्सेस डे झाला. लॉबीत केक, प्रत्येकीला गुलाब, आणि आमच्या ॲडमिनसाहेबांचं भाषण. नाइटिंगेल, सेवा, त्याग, सगळं आलं. केईएमच्या सिस्टरांनी त्यांच्यातल्याच नर्स अरुणा शानबागला ४२ वर्षं कसं सांभाळलं तेही सांगितलं. १९७३ साली तिच्यावर हल्ला झाला तो हॉस्पिटलच्याच आवारात, हे मात्र गाळलं. टाळ्या झाल्या. दुपारी तीनला त्याच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि वॉर्डात झालेल्या एका चुकीचा मीच लिहिलेला इन्सिडेंट रिपोर्ट पुढे सरकवला. "सिस्टर, ही एक ओळ काढा, नवीन प्रिंट घ्या, सही करा."

माझ्या वॉर्डात सुरगाण्याची एक पोर आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन वर्ष व्हायचंय. हात इतका हलका की लहान मुलाची शीरसुद्धा पहिल्या फटक्यात सापडते. (ट्रेनिंगच्या आपल्या साडेतीन वर्षांत तुला ते कधी जमलं नाही. असो.) नाईटला तिच्याबरोबर आणखी एक स्टाफ होती. साडेआठला आयसीयूत व्हेंटिलेटरचा पेशंट आला आणि सुपरवायझरने त्या दुसरीला उचलून तिकडे नेलं. आयसीयूला पेशंटमागे एक नर्स हवीच, त्यावर वाद नाही. पण ती एक दर वेळी माझ्याच वॉर्डातून का? परीक्षेसाठी घोकलेलं आठवतंय ना, टीचिंग हॉस्पिटलला एका नर्सला तीन पेशंट, साध्याला एकीला पाच? तिन्ही पाळ्यांत वाटलं तरी रात्री एकीवर पंधरा येतात. इथे सव्वीस.

त्यात संध्याकाळी एक डिस्चार्ज झाला म्हणून अकरा नंबरच्या आजोबांना खिडकीकडे हलवलेलं आणि अकरावर दुसरा पेशंट आलेला. नाव बदललेला बोर्ड कुणी लावलाच नाही. दोघांचं आडनाव एकच. जेवणाआधीचं दहा युनिट रेग्युलर इन्सुलिन अकराच्या आजोबांऐवजी अकरा नंबरच्या खाटेवरच्या माणसाला गेलं. हर्नियाचं ऑपरेशन झालेला, डायबेटिसचा पत्ता नाही.

फाईलवर सही करताना तिच्या लक्षात आलं. मंगे, ते दाबता आलं असतं गं. कोण बघत होतं? रात्री त्याला घाम फुटला असता तर 'ऑपरेशननंतरचा अशक्तपणा' म्हणून खपलंही असतं, नाहीतर सकाळी खाट रिकामी मिळाली असती. हिने लगेच आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, बोलावलं, मग मला फोन लावला. मी पंचवटीतून स्कूटर काढून पोचेपर्यंत डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, सुरू झालेलं, आणि ही त्याच्या उशाशी ग्लुकोमीटर घेऊन उभी. डाव्या तळहातावर पेनाने आकडे लिहिलेले: ९२, ७१, ६४, ८८. प्रत्येकापुढे वेळ. मी म्हटलं, "कागद नव्हता का?" तर म्हणते, "होता सिस्टर, पण काउंटरवर आणायला गेले असते तर ह्यांना सोडावं लागलं असतं."

सकाळी त्या माणसाने पोहे खाल्ले आणि रात्रभर बोटं टोचून झोपू दिलं नाही म्हणून तक्रार केली.

आता वरच्यांचं म्हणणं, रिपोर्टात 'निष्काळजीपणा' लिहा, दहा दिवसांचा पगार कापा आणि महिनाअखेर तिला मोकळी करा. पगार म्हणजे महिन्याला तेरा हजार. २०१६ सालीच सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून बसलेल्या समितीने पन्नास खाटांच्या आतल्या हॉस्पिटलनेही नर्सला वीस हजारांच्या खाली देऊ नये म्हटलंय. आणि काढायची ओळ कोणती, तर 'घटनेच्या वेळी २६ रुग्णांसाठी एकच परिचारिका उपस्थित होती.' ती राहिली तर इन्स्पेक्शनला अडचण येते म्हणे.

चूक तिची आहेच. नाव विचारून इंजेक्शन द्यायचं, हे मीच तिच्या कानीकपाळी ओरडलेय, आणि रिपोर्टात तेही लिहिलंय. पण स्वतःहून सांगितलं म्हणून तिला घालवली, तर वॉर्डातल्या बाकीच्या पोरी काय शिकतील? तुला वेगळं सांगायला नको. थर्मामीटर फुटला म्हणून ट्युटरनी तुला भर डायनिंग हॉलमध्ये उभं केलं, त्यानंतर आपल्या बॅचमध्ये एकही थर्मामीटर फुटला नाही. सगळे 'हरवले'. (आणि तो तूच फोडला होतास. कितीही वर्षं झाली तरी मी माझ्यावर घेणार नाही.)

हे म्हणतात, सही कर आणि मोकळी हो, घराचे हप्ते काय तुझी नाइटिंगेल भरणार? त्यांचंही खोटं नाही. इन्चार्जची खुर्ची गेली तर या वयात मला दुसरीकडे पुन्हा नाईटपासून सुरुवात. आणि तू आता म्हणणार, "तेव्हाच सरकारीत आली असतीस तर!" आलीच असते बाई, पण तुझ्याकडे एकास अख्खा तालुका आहे, ते प्रमाण कुठल्या पुस्तकात बसतं ते आधी सांग. तो वाद आपण २०१५ च्या कुंभात रामकुंडावरच्या ड्यूटीत पुरता भांडून झालाय. २०२७ च्या कुंभाला पुन्हा भांडू.

साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. मी ओळ तशीच ठेवून दुसरी प्रत काढलीय, ड्यूटी लिस्टची झेरॉक्स जोडलीय आणि मेट्रनकडून पोच घेतलीय. मेट्रन सही करताना माझ्याकडे बघत नव्हत्या, पण केली. पोरीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज येऊन विचारते, "सिस्टर, माझं रजिस्ट्रेशन जाईल का?" कुणीतरी तिला तेवढं भरवून ठेवलंय.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा झाला का? गुड्डीचा दहावीचा निकाल कळव, पेढे राहू देत. पोस्ट बेसिक नर्सिंगच्या कोर्सच्या कामासाठी म्हसरूळला विद्यापीठात येशील तेव्हा मुक्काम आमच्याकडेच, लॉज-बिज करू नकोस.

आणि मुख्य काम. तुमच्याकडे औषधाची चूक झाली तर तिची नोंद कुठल्या नमुन्यात करतात, त्याचा फोटो शुक्रवारच्या आत व्हॉट्सॲपवर टाक. रेंजसाठी टेकडीवर चढावं लागलं तरी चढ. वजनही वाढलंय तुझं.

तुझी,
रेखी