खाडीत सोडून दिलेल्या होड्यांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. १ जूनपासून मासेमारी बंद. त्याआधी दाभोळच्या बाजूला वाशिष्ठी खाडीत पडून असलेल्या होड्यांचा विषय मार्गी लावायचाच आहे. जेटीजवळचा फायबरचा सांगाडा भरतीला पूर्ण बुडतो, नुसतं नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या भागाचं, टोक वर राहतं. अंधारात त्यावर जाळी फाटतात, होडीचा पाण्यातला पंखा आदळतो. इंजिनातलं काळं तेल अजून पाझरतंय.

मेरीटाईम बोर्ड, मत्स्यव्यवसाय विभाग, सागरी पोलीस आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र पाहणी करावी, असा एकच अर्ज देतोय. फोटो, नेमकी जागा, होडीवरचा नोंदणी क्रमांक सचिवांकडे द्या. मालक ठरेपर्यंत परस्पर फोडू नका; जाळू तर मुळीच नका, फायबरचा धूर विषारी असतो. होडी तुमचीच असेल तर मोकळेपणाने सांगा, संस्था पाठीशी आहे.

– सचिव