सुरैया, अर्ज करायच्या आधी हे वाच

सुरू बेटा, अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर तू म्हणालीस, अब्बा मला हे नाव नकोय, अख्ख्या हॉस्टेलला एकच सुरैया आहे आणि मुली म्हणतात हे तर आजीचं नाव, गॅझेटला अर्ज करून बदलून घेते. मी तेव्हा गाडी चालवत होतो म्हणून नुसतं हो हो केलं, पण त्या रात्री झोप नाही लागली. अम्मी म्हणाली फोन करा. मी म्हटलं फोनवर नाही जमणार, लिहूनच पाठवतो, लांबलं तरी चालेल, सावकाश वाच.

आधी एक कबूल करतो. नाव जुनं वाटतं ते खरंय. गायिका-नटी सुरैया, 1929 चा जन्म, 40 आणि 50 च्या दशकात तिचं केवढं नाव होतं, मरीन ड्राइव्हला राहायची, 2004 मध्ये मुंबईतच वारली, म्हणजे तू जन्मलीस त्याच वर्षी. आपल्या मोहल्ल्यात दादीच्या वयाच्या दोन सुरैया होत्या, त्यानंतर एकही नाही. हल्ली झोया, इनाया, आयेशा. त्यामुळे सगळ्यांना वाटतं मी त्या नटीवरून ठेवलं. तुलाही तसंच वाटत असणार, कारण खरी गोष्ट मी कधी नीट बसून सांगितलीच नाही, सहा-सात वर्षं तिकडे ओमानला आणि मग आल्यावर आंब्याच्या बागेच्या मागे, राहूनच गेलं.

तू झालीस तेव्हा मी निझवाजवळ एका गावात ट्रकवर होतो. निझवा म्हणजे मस्कतपासून आत, डोंगराच्या बाजूला, चहूकडे खजुरीच्या बागा. तिथे फलज असतात, म्हणजे डोंगरातलं पाणी आणणारे पाट, आपल्याकडे सुपारीच्या बागेला पाट असतो तसेच पण कितीतरी लांब आणि शेकडो वर्षं जुने. निझवाचा फलज दारिस तर युनेस्कोच्या यादीत आहे, 2006 ला पाच फलज घेतले त्यातला एक. पाटाचं पाणी सगळ्या बागांना वाटून द्यायचं असतं, तर तिकडे पाळीचं माप असतं अथर, साधारण अर्ध्या तासाचं. दिवसा काठीची सावली बघून पाळी बदलायची आणि रात्री तारे बघून. अमुक तारा डोंगराच्या कड्यावर आला की याचं पाणी बंद, त्याचं सुरू. आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आलंय, पण आमच्या खोलीशेजारी एक म्हातारबाबा राहायचे ते मात्र अजून आभाळ बघूनच उठायचे.

तुझी तारीख जवळ आलेली, घरून काही कळत नव्हतं, रत्नागिरीत पाऊस सुरू होऊन लाइन सारखी जात होती. मी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या आधीच उठून बाहेर बसायचो. 8 जूनची पहाट होती. म्हातारबाबांनी मला हाताला धरून उभं केलं आणि पूर्वेला बोट केलं. आधी काहीच दिसेना. मग डोंगराच्या जरा वर, उजाडायच्या आत, पिठाची चिमूट सांडावी तसं काहीतरी पुसट दिसलं. ते म्हणाले, थुरैया. चाळीस दिवस गायब होती, आज आली.

तेव्हा मला एवढंच कळलं की कुठलातरी तारा आहे. दुपारी फोन लागला, मुलगी झाली. मी धावत सांगायला गेलो तर त्यांनी मिठी मारली आणि म्हणाले मग नाव काय शोधतोस, तिने स्वतःचं नाव सांगितलंय सकाळीच.

थुरैया म्हणजेच सुरैया. स्पेलिंगवरून आपण किती भांडलो, आधारवर एक वाय, दहावीच्या सर्टिफिकेटवर डबल वाय, पण मूळ घोळ अक्षराचा आहे. अरबीत पहिलं अक्षर जीभ दातांमध्ये जरा लावून म्हणतात, थ सारखं. फारसी आणि उर्दूत येता येता त्याचा स झाला. तिकडचे उथमान ते आपले उस्मान, तिकडचं हदीथ ती आपली हदीस. म्हणून तुला कुणी उद्या दुबईत थुरैया म्हटलं तर दुरुस्त करू नकोस, बरोबर म्हणतायत.

आणि हा तारा एकटा नाही, ताऱ्यांचा घोस आहे. आपल्या कृत्तिका. सहा सहज मोजता येतात, नजर चांगली असेल तर सातवा. तुझ्या त्या अभ्यंकर बाईंनी सातवीत शिकवलं होतं ना, कार्तिक महिन्याचं नाव कृत्तिकांवरून, तेच हे. म्हणजे कृत्तिका नावाची तुझ्या वर्गात मुलगी आहे म्हणालीस ती आणि तू एकाच नावाच्या आहात, तिला सांग.

अर्थ पण ऐक. अरबीत याचं मूळ भरपूरपणाचं आहे, संपत्तीचं. सरवत हे नाव आपल्याकडे ऐकतेस ते त्याच मुळातलं. आणि थुरैया हे त्यातलं लाडाचं रूप. हसनचं लाडाचं रूप जसं हुसैन होतं ना, तसं. म्हणजे आपण सोनं म्हणत नाही, सोनुली म्हणतो, तसं थुरैया म्हणजे छोटीशी, पण भरलेली. एवढुशा जागेत एवढे तारे, म्हणून. झुंबरालाही अरबीत थुरैयाच म्हणतात. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत मी एकदा गेलेलो, तिथलं झुंबर 14 मीटर उंच आहे, मान दुखेपर्यंत बघत बसलो, आणि बाजूचा एक ओमानी बाप आपल्या छोट्या मुलाला वर बोट करून सांगत होता, थुरैया, थुरैया. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस आणि मी तुला एकदाच बघितलेलं. तिथे मला रडू आलं.

अरबांची गोष्टही आहे, रोहिणीची. आपल्याकडे रोहिणी बाई आहे, त्यांच्याकडे तो तारा पुरुष आहे, दबरान, म्हणजे मागोमाग येणारा. त्याला थुरैयाशी लग्न करायचं होतं, ती म्हणाली याच्याकडे आहे काय, तर तो तेव्हापासून मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला लग्नात द्यायचं धन, म्हणून आपल्या उंटिणी हाकत तिच्या मागे चाललाय. खरंच बघ, कृत्तिकांच्या मागे लाल रोहिणी आणि तिच्या आजूबाजूला बारीक तारे आहेत, त्या उंटिणी. मक्केत जुन्या काळी थुरैया नावाची एक बाई होती, तिच्यावर उमर बिन अबी रबीआ या शायराचा जीव होता आणि तिचं लग्न लागलं सुहैल नावाच्या माणसाशी. सुहैल म्हणजे आपला अगस्ती तारा. तर शायर म्हणाला, ती उत्तरेची आणि तो दक्षिणेचा, यांची भेट व्हायची कशी. हजार वर्षं होऊन गेली तरी अरब लोक हे सांगतात.

तू विचारलंस हे नाव ठेवतं तरी कोण. बेटा, फिरलंय ते खूप. तुर्कस्तानात सुरेय्या पुरुषांचंही असतं. इराणच्या शाहची राणी सोराया, स्पेन आणि ब्राझीलकडेही सोराया नावाच्या बायका आहेत. गुगलवर टाकलंस तर याच नावाचा सॅटेलाइट फोनच पुढे येतो, ते सोड. मला सगळ्यात आवडते ती अफगाणिस्तानची राणी सुरैया तरझी, अमानुल्ला खानांची बायको. 1899 चा जन्म, दमास्कसचा. तिने काबूलमध्ये मुलींची शाळा काढली, मुलींना शिकायला तुर्कस्तानला पाठवलं, आणि 1929 ला तख्त गेलं, देश सोडावा लागला. त्या वाटेत ते मुंबईत होते आणि मुंबईतच तिला मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं इंडिया. आज काबूलच्या मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद आहे, बातमी लागली की मला ती राणीच आठवते आणि मग तू, कॉलेजची बॅग घेऊन एसटीत चढतानाची.

आता आपल्या घरची गोष्ट, ही तुला खरंच माहीत नाही. दादांच्या, म्हणजे माझ्या अब्बांच्या काळात आपली बाग मोहोर बघूनच कराराने द्यायचे. एका वर्षी झाडं अशी फुललेली की पान दिसेना, व्यापाऱ्याने ॲडव्हान्स दिला, मग ढगाळ हवा, तुडतुडे आले, भुरी आली, मोहोर काळा पडला आणि कैरी धरलीच नाही. तो पैसे परत मागायला आला, दादांनी तोवर घराचं छप्पर घातलेलं. भांडण, पंचायत, शेवटी दोन गुंठे विकून पैसे फेडले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि दादी चुलीपाशी बसून काहीच बोलत नव्हती ते मला अजून दिसतं.

हे मी म्हातारबाबांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे हे तर मदिनेतलंच. तिथेही लोक खजूर पिकायच्या आधीच सौदा करायचे आणि मग रोग पडला की तंटे. पैगंबरांनी सांगितलं फळ तयार झाल्याचं दिसल्याशिवाय विकू नका. आणि त्यांचे सोबती झैद बिन साबित तर आपल्या जमिनीतलं फळ थुरैया उगवल्याशिवाय विकायचेच नाहीत, हदीसमध्ये आहे. कारण ती पहाटे दिसायला लागली की फळावरचं रोगाचं संकट टळलं असं धरायचे. मी परत आल्यावर बाग मोहोरावर का देत नाही, स्वतः पेट्या भरून का विकतो, लोक म्हणतात याला हिशोब कळत नाही, ते यामुळे. आंब्याचा सीझन तिच्या आधीच आटपतो, तारखा जुळत नाहीत, पण झाडावर फळ बघितल्याशिवाय मी सौद्याचं बोलत नाही.

आणि तारखेचं बघ. तिकडे आखाती देशांत थुरैया 7 जूनच्या आसपास उगवली धरतात, कडक उन्हाळा तिथून मोजतात, खजूर पिकायला लागतो. त्याच दिवसांत आपल्याकडे मिरग लागतो. त्यांचा उन्हाळा सुरू, आपला पेरा सुरू. तू जन्मलीस तेव्हा रत्नागिरीत आभाळ इतकं भरलेलं की इथून ती कुणालाही दिसली नसती. घरात तुझ्याजवळ सगळे होते, मी नव्हतो, पण ती त्या दिवशी फक्त मला दिसली. तुला पहिल्यांदा हातात घ्यायला मला अकरा महिने लागले. तेवढे दिवस माझ्याकडे तुझं हे नावच होतं. रात्री पाण्याची पाळी बदलायला माणसं उठायची, ओरडून एकमेकांना सांगायची थुरैया आली, थुरैया आली, आणि मी खोलीत पडल्या पडल्या ऐकायचो.

अर्ज तुझा आहे, सही तुझी आहे, तू एकवीस वर्षांची आहेस. केलास तर फी मी भरेन, अम्मीलाही मीच समजावेन, आणि घरात तू सुरूच राहशील.

फक्त एक कर. आता कार्तिक चालू आहे, आभाळ मोकळं आहे. रात्री साडेआठला हॉस्टेलच्या गच्चीवर जा, दिव्यांकडे पाठ कर आणि पूर्वेला वर बघ. मीपण त्या वेळी खळ्यात उभा असतो. सहा मोजून झाले की मिस्ड कॉल दे, सातवा दिसला तर दोन दे.

तुझा
अब्बा