शाळा भरण्याआधीच सेतू संपला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता कोरोनाचा विषय कशाला?’ असे पालकसभांत हमखास ऐकू येते. पण २०२०-२१ मध्ये पाचवीत असलेली मुले २०२५-२६ मध्ये दहावीला आली आणि त्या वर्षी पहिलीत नाव घातलेली २०२८-२९ मध्ये नववीत येतील. कोरोनात शाळा बंद असताना कच्चा राहिलेला गणिताचा पाया हा तोवर माध्यमिक शाळांचाच प्रश्न आहे.

एक्सचा वर्ग उणे एक्स उणे ६ बरोबर शून्य, हे वर्गसमीकरण घ्या. सूत्र मुलांना तोंडपाठ असते. विवेचक, म्हणजे सूत्रातली वर्गमुळाखालची संख्या, काढताना १ मध्ये उणे ४ गुणिले उणे ६ म्हणजे अधिक २४ मिळवायला हवेत. पुष्कळ वह्यांत उणे २४ असतात. मग २५ ऐवजी उणे २३ येतात आणि मूल ‘वास्तव मुळे नाहीत’ लिहून मोकळे होते. मुळे, म्हणजे उत्तरे, आहेत ३ आणि उणे २. ही चूक दहावीची नव्हे. सहावीत संख्यारेषेवर बोट ठेवून उणे संख्या मोजायच्या असतात. ते मोबाइलवर झाले नाही, म्हणून सातवीतला चिन्हांचा नियम नुसता पाठ झाला आणि विसरला गेला.

मागच्या इयत्तेचे राहिलेले भरून काढणाऱ्या ४५ दिवसांच्या सेतू अभ्यासक्रमाचा आराखडा चांगला होता, तीन चाचण्याही होत्या. पण तो चालला १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ आणि शहरांतले आठवीपासूनचे वर्ग भरले ४ ऑक्टोबरला. सहावी-सातवीचे त्याहून उशिरा. घरी सोडवलेल्या चाचणीतून कोणाला काय येते, हे शिक्षकाला कळणार कसे?

२०२१ च्या दहावीच्या निकालातूनही ते कळले नाही. परीक्षा रद्द झाल्याने नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० गुण धरले. त्यातही त्या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्दच झाली होती. निकाल ९९.९५ टक्के. परीक्षा रद्द करणे तेव्हा योग्यच होते, पण राहिलेले शोधायचे कामही तिथेच राहिले.

विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, दहावीला दिवस पुरत नाहीत. हे काम नववीतच व्हावे. पहिल्याच आठवड्यात ३० मिनिटांची, १५ प्रश्नांची चाचणी घ्यावी: पूर्णांक, अपूर्णांक आणि गुणोत्तर-शतमान, प्रत्येकी ५. गुण देऊ नयेत, चूक कुठली ते नोंदवावे. चिन्ह चुकले, छेद समान केला नाही, की प्रश्नच वाचता आला नाही? शेवटच्यांना आधी मराठी वाचन हवे. त्यांना गणिताची उजळणी देऊन उपयोग नाही. बाकीच्यांचे १५-१५ चे गट करून रोज एक शून्य तासिका, म्हणजे नेहमीच्या तासांआधीची जादा तासिका, ४० दिवस. दर पंधरवड्याला तीच चाचणी, आकडे बदलून. साठ मुलांची उजळणी एकत्र घेतली की येणारेच उत्तरे देतात आणि न येणारी मागच्या बाकांवर दबून बसतात.

जिल्हा परिषद व महापालिकेच्या शिक्षण विभागांनी ही तासिका लेखी आदेशाने वेळापत्रकात घालावी आणि तेवढे ४० दिवस गणिताच्या शिक्षकांना सर्वेक्षणाच्या कामाला लावू नये. पुन्हा शाळा बंद ठेवायची वेळ आलीच, तर सेतूचा पहिला दिवस वर्ग प्रत्यक्ष भरल्यापासून मोजावा.

– माध्यमिक शाळांतील गणित शिक्षक, नागपूर