आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: तक्रार 'निकाली' निघाली, आई अजून वर्तुळातच उभी आहे

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मंगळवारी आपल्या कार्यालयाकडून मोबाइलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' खाली, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असंही विचारलं होतं. तक्रार चौदा महिन्यांपूर्वीची. तत्परतेबद्दल आभार.

तक्रार कसली होती ते आपल्याला आठवत नसेल. विसरण्याचा आजार काही एकट्या माझ्या आईलाच नाही. महासाथ ओसरल्यावर आपण शब्द दिला होता की सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांची स्मृती तपासणारे कक्ष सुरू होतील. त्याचं कात्रण मी जपून ठेवलंय. गेल्या आठवड्यात आईला घेऊन अशा एका कक्षापाशी गेलो. पाटी आहे, दाराला कुलूपही आहे. काचेतून डोकावलो तर आत छतापर्यंत खोकी. महासाथीतली उरलेली फेस शील्ड.

बाहेर फरशीवर तेव्हा रंगवलेली वर्तुळं अजून पुसट दिसतात. आई त्यातल्या एकात जाऊन उभी राहिली ती हलेचना. "पुढचा माणूस सरकला की सरकायचं," म्हणाली. पुढे कुणीच नव्हतं. समजावलं, चिडलो, हात धरून ओढायला गेलो तर ओरडली. शेवटी मीच तिच्या पुढच्या वर्तुळात उभा राहिलो. मी एक वर्तुळ पुढे, ती एक वर्तुळ पुढे, असं करत आम्ही रांगेच्या टोकाला पोचलो. "झालं ना आपलं काम?" तिने विचारलं. हो म्हणालो. म्हणजे बघा, तक्रार निकाली काढायला मलाही जमतं.

साहेब, माझी आई टेलिफोन ऑपरेटर होती. शेकडो नंबर तिला तोंडपाठ असायचे. २०२० साली ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. नावं थोडी मागेपुढे व्हायची, चष्मा सापडायचा नाही, हे कबूल. आजाराची सुरुवात कदाचित आधीच झाली असेल. पण स्वतःच्या औषधांच्या वेळा ती स्वतः पाळायची, आणि माझ्या चुका पकडायची.

मग टाळेबंदी लागली. फिरणं बंद, मैत्रिणी बंद, दाराची बेल बंद. त्यातच तिला लागण झाली आणि अकरा दिवस ती वॉर्डात एकटी होती. ताप नव्हता, दमही लागला नव्हता. ती फक्त असंबद्ध बोलत होती. 'वय झालंय' म्हणून आम्हाला दोन दिवस परत पाठवलं. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत २०२० मध्ये आपत्कालीन विभागात आलेल्या आठशेच्या वर वृद्ध कोविड रुग्णांपैकी २८ टक्के असेच भ्रमात होते. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. आणि त्या भ्रमातल्यांपैकी ३७ टक्क्यांना ना ताप होता, ना धाप. आम्हाला परत पाठवणाऱ्या डॉक्टरला हे तेव्हा माहीत नसेल, समजू शकतो. आज तरी माहीत आहे का, एवढंच विचारतो.

कानाचं मशीन तिच्याबरोबर दिलं होतं, ते हरवलं. समोर नुसते मास्क. ऐकू येत नाही, ओठ दिसत नाहीत, ओळखीचा चेहरा नाही, खिडकी नाही. रात्री उठून चालू लागली म्हणून हात पलंगाला बांधले. ती सारखा एक नंबर सांगत होती. एका नर्सने तो लिहून घेतला आणि लावून पाहिला, देव तिचं भलं करो. तो आमच्या घरचा जुना लँडलाइन नंबर होता, कधीच बंद झालेला. मी त्याच इमारतीच्या फाटकाबाहेर बसून होतो. नातेवाइकांना प्रवेश नव्हता.

टाळेबंदी चूक होती असं मी म्हणत नाही, माणसं मरत होती. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळचं ओळखीचं माणूस 'भेटायला आलेलं' नसतं हो, ते त्याचं औषध असतं. ऑक्सिजनची नळी संसर्गाच्या भीतीने कुणी बाहेर ठेवली नव्हती. आम्हाला ठेवलं.

जी घरी आली ती माझी आई होती, पण मी तिचा भाऊ झालो होतो. डिलिरियम झाल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असलेला वेगाने बळावतो. हे मला कुणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'प्रकृती स्थिर' लिहिलं होतं.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पहिल्या लाटेत कोविडने गेलेल्या दर चार माणसांत एकाला आधीपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होता. ब्रिटनमध्येच पन्नाशीपुढच्या तीन हजारांवर लोकांची स्मरणशक्ती मोजली, तर पहिल्या वर्षातच ती आधीपेक्षा वेगाने घसरलेली दिसली. ज्यांना विषाणू शिवलाही नाही त्यांचीसुद्धा! त्याचा संबंध कशाशी दिसला, तर व्यायाम सुटला, दारू वाढली, एकटेपणा आणि नैराश्य आलं. शिवाय ७८५ जणांच्या मेंदूचे महासाथीच्या आधीचे आणि महासाथीतले स्कॅन ताडून पाहिले, त्यात लागण झालेल्यांच्या वासाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत जास्त झीज आढळली. हे सगळं छापून आलंय, गुपित नाही. आपल्या खात्यात वाचणारं कुणीतरी असेलच.

पण आपण तेव्हा रोज संध्याकाळी आकडे सांगायचात. इतके बाधित, इतके बरे, इतके मृत. माझी आई 'बरे' या रकान्यात आहे. तिच्यासारखे किती, हे मोजायला रकानाच नव्हता. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं सांगितलं आणि तुमचीही सुटका झाली. आमच्या घरात ती अजून चालू आहे. आई आजही दार उघडण्याआधी विचारते, "बाहेर जायला परवानगी आहे का रे?"

त्यानंतर मी जे खेटे घातले त्याचा हिशोब कुठल्या खात्यात मांडू? मेंदूचे डॉक्टर म्हणाले मनोविकार विभागात जा. तिथे म्हणाले हे वार्धक्य आहे, समाजकल्याणला विचारा. समाजकल्याण म्हणालं आजार आहे ना, मग आरोग्य खातं. आरोग्य खात्याने ऑनलाइन नोंदणी करायला सांगितली, आणि त्यात अट अशी की मोबाइलवर आलेला ओटीपी रुग्णाने स्वतः सांगावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने! ज्याने हा अर्ज तयार केला त्याची तपासणी आधी करा, कक्ष उघडलाच तर.

मी नोकरी अर्धवेळ केली, मग सोडली. बहिणीशी बोलणं तुटलं, कारण तिला वाटतं मी आईवर ओरडतो. ओरडतो. रात्री तीन वाजता चौथ्यांदा उठवल्यावर तुम्हीही ओरडाल. काळजी घेणाऱ्यासाठी तुमच्या कुठल्याच योजनेतली एक ओळही माझ्यापर्यंत पोचली नाही. मतदानाच्या दिवशी मात्र हेच वृद्ध एकदम आदरणीय होतात, खुर्चीत बसवून त्यांचे फोटो निघतात.

जगात डिमेन्शियाचे साडेपाच कोटींच्या वर रुग्ण आहेत. २०१७ मध्ये सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं की २०२५ पर्यंत तीन चतुर्थांश देशांकडे यासाठी धोरण असेल. २०२१ मध्ये मोजलं तर जेमतेम एक चतुर्थांश देशांकडे होतं. म्हणजे तोंडाला पानं पुसण्यात तुम्ही एकटे नाही, तेवढाच दिलासा. आणि 'या आजारावर औषध नाही, मग करणार काय' हे उत्तर मला नको. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने चौदा कारणं दिली आहेत, ती आटोक्यात आणली तर जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील. ऐकू न येणं, एकटेपणा, बैठेपणा, नैराश्य, सगळी त्या यादीत आहेत. टाळेबंदीत आम्ही यातलं काय काय भोगलं, तुम्हीच खुणा करा.

मागणं फार नाही. ती खोकी हलवा आणि त्या खोलीत एक डॉक्टर बसवा. महासाथीनंतर ज्यांची स्मृती घसरली त्यांना मोजा. आणि पुन्हा असं काही आलं, येणारच आहे, तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ घरचं एक माणूस राहू देण्याचा नियम आत्ताच लिहून ठेवा. ती वर्तुळंही पुसून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी मला पुन्हा रांगेत पुढे उभं राहावं लागेल.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायची पद्धत आहे. मी नुसतं 'कळावे' लिहितो.

आपला,
निकाली निघालेला एक तक्रारदार