नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेची चुकीची निवड आणि जोडणी : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बहुउद्देशीय नाट्यगृहासाठी आपण सुचवून बसवलेल्या ध्वनियंत्रणेतील दोष दूर करण्याबाबत

महोदय,

मागणी नोंदवताना आमची गरज आम्ही लेखी कळवली होती. एकाच सभागृहात नाटक, व्याख्यान, गाण्याचा कार्यक्रम आणि चित्रपट होतात, आणि शेवटच्या रांगेतही प्रत्येक शब्द कळला पाहिजे. आपल्या प्रस्तावात स्पीकर किती आणि वॅट किती, एवढेच होते. कोणता स्पीकर कोणत्या खुर्च्यांसाठी, याचा साधा नकाशाही नव्हता. पुढचे बहुतेक दोष तिथूनच सुरू होतात.

मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर, स्टँडवर ठेवले आहेत. पहिली रांग त्यांच्यापासून 3 मीटरवर, शेवटची 24 मीटरवर. अंतर दुप्पट झाले की स्पीकरमधून थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. इथे अंतर तीनदा दुप्पट होते, म्हणजे 18 डेसिबलचा फरक. मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढचे प्रेक्षक कान झाकतात, आणि मागे पोहोचतो तो मुख्यतः भिंतींवर आपटून आलेला आवाज. म्हणून तिथे आवाज मोठा येतो, पण संवाद कळत नाही. यावर आपल्या तंत्रज्ञांनी दुप्पट वॅटचा अँप्लिफायर सुचवला. त्याने सगळीकडे सारखेच 3 डेसिबल वाढतील. पुढच्या-मागच्यातला फरक जिथल्या तिथे राहील. हेच स्पीकर रंगमंचाच्या कमानीवर टांगून मागच्या रांगांवर रोखले, तर जवळची खुर्ची साधारण 7 मीटरवर आणि लांबची 25 मीटरवर जाते. फरक 11 डेसिबलवर येतो, आणि पुढच्या रांगा स्पीकरच्या हॉर्नच्या (आवाजाला दिशा देणाऱ्या कर्ण्याच्या) मुख्य झोताबाहेर राहत असल्याने आणखी कमी होतो. पहिल्या दोन रांगांसाठी रंगमंचाच्या कडेला फ्रंट फिल, म्हणजे फक्त पुढच्यांसाठीचे छोटे स्पीकर, मग हवेतच. टांगण्याचे काम प्रमाणित हुक आणि वेगळ्या सुरक्षा-साखळीसहच व्हावे. खाली माणसे बसतात.

बाल्कनीखालचे स्पीकर ही सर्वांत मोठी चूक. तिथे बसणाऱ्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मुख्य स्पीकरचा आवाज तिथल्या छोट्या स्पीकरपेक्षा सुमारे 17 मीटर जास्त अंतर कापून येतो. मीटरला साधारण 2.9 मिलिसेकंद धरले तर 50 मिलिसेकंदांचा उशीर झाला, आणि प्रोसेसरमध्ये (स्पीकरकडे जाणारा आवाज जुळवणाऱ्या यंत्रात) या छोट्या स्पीकरचा डिले, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याचा काळ, शून्य ठेवलेला आहे. तो 60 मिलिसेकंदांच्या आसपास हवा, म्हणजे रंगमंचाकडचा आवाज किंचित आधी पोहोचेल आणि नट जिथे उभा आहे तिथूनच बोलतो आहे असे वाटेल. हे काम काही मिनिटांचे आहे. पण प्रोसेसरला आपण पासवर्ड लावला आहे आणि वारंवार मागूनही तो आम्हाला दिलेला नाही. विकलेल्या यंत्राची किल्ली स्वतःकडे ठेवणे आम्हाला मान्य नाही.

मोठ्या कार्यक्रमात अँप्लिफायर मध्येच बंद पडतो, त्याचे कारणही उघड आहे. 8 ओहमचे चार स्पीकर एकाच चॅनेलवर समांतर जोडले आहेत, म्हणजे भार 2 ओहम. अँप्लिफायरच्या मागे मात्र किमान 4 ओहम असे छापलेले आहे. शिवाय 30 मीटर लांबीला 1 चौरस मिलिमीटरची तार वापरली आहे. जाऊन-येऊन तिचा रोध जवळपास 1 ओहम भरतो आणि शक्तीचा तिसरा हिस्सा तारेतच खर्च होतो. चॅनेलमागे दोनच स्पीकर ठेवावेत आणि तार 4 चौरस मिलिमीटरची घालावी.

कॉलर माईक शिट्टी मारतात. आठही माईक एकदम उघडे असले तर एका माईकच्या तुलनेत शिट्टी न येता आवाज वाढवण्याची 9 डेसिबलची सवड जाते, आणि इथे नट चालत थेट मुख्य स्पीकरसमोर येतात. स्पीकर वर गेले की हा त्रास बराच उतरेल. मधूनच येणारी खरखर वेगळी आहे. कॉर्डलेस माईकच्या फ्रिक्वेन्सी समान अंतराने लावल्या आहेत, त्यामुळे दोन माईकच्या संयोगातून तयार होणारा संकेत नेमका तिसऱ्यावर बसतो. त्या असमान अंतराने लावाव्यात आणि अँटेना काचेच्या केबिनमधून काढून रंगमंच दिसेल अशा जागी आणावेत. मिक्सरही त्याच बंद केबिनमध्ये आहे. काचेमागून कोणी नाटकाचा आवाज सांभाळू शकत नाही. त्याची जागा प्रेक्षकांत हवी.

दिव्यांचे डिमर चालू झाले की 'घूं' असा आवाज येतो. ध्वनियंत्रणेला विजेची वेगळी फेज द्यावी आणि माईकच्या केबल डिमरच्या तारांपासून दूर न्याव्यात.

सभागृह घुमते, असे आपले उत्तर आले. ते घुमते, हे खरे आहे, आणि मागच्या भिंतीवर जाड पडदे लावण्याची आमची तयारी आहे. पण घुमणाऱ्या सभागृहातच स्पीकरचा झोत भिंतींवर न पडता खुर्च्यांवर पडणे सर्वांत गरजेचे असते.

दुरुस्तीनंतर पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावून बाल्कनीखालच्या आणि कोपऱ्यातल्या खुर्च्यांसह मोजणी आमच्यासमोर व्हावी. 2000 आणि 4000 हर्ट्झच्या पट्ट्यांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजातला फरक 6 डेसिबलपेक्षा जास्त नसावा, आणि शब्दांच्या स्पष्टतेचा, 0 ते 1 या पट्टीवर मोजला जाणारा एसटीआय निर्देशांक 0.6 च्या खाली जाऊ नये. जोडणीचा आराखडा, प्रोसेसरचा पासवर्ड आणि सेटिंगची प्रत त्याच वेळी द्यावी. ही मोजणी होईपर्यंत काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर आम्ही सही करणार नाही. दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी.

आपले,
व्यवस्थापन समिती व ध्वनी विभाग